मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन : सात महिने आडोशाआडून

मास इफेक्ट ही अंतराळात घडणारी, तीन भागांची व्हिडिओ गेम मालिका. जूनमध्ये पहिला भाग सुरू केला आणि गेल्या आठवड्यात तिसऱ्या भागाचा शेवट दुसऱ्यांदा पाहिला. रोज रात्री तास-दीड तास, शनिवारी जरा जास्त. पहिल्या फेरीत सोल्जर, दुसऱ्या फेरीत व्हॅनगार्ड आणि मधे फक्त दुसरा भाग अडेप्ट घेऊन पुन्हा एकदा (हे सगळे नायकाचे क्लास, म्हणजे लढण्याचे प्रकार). कथेबद्दल आणि पात्रांबद्दल खूप लिहून झालंय. मला लिहायचंय ते आडोशाबद्दल. गोळीबार सुरू झाला की आपण कशामागे बसतो आणि ती वस्तू मुळात तिथे का असते, हेच इतके महिने डोक्यात घोळतंय.

मूळ तीन गेम 2007, 2010 आणि 2012 चे. मे 2021 मध्ये ते एकत्र, डागडुजी करून आले. त्यामुळे आडोशाचा विचार पाच वर्षांत कसा बदलत गेला, ते एकाच संचात बघायला मिळतं.

पहिल्या भागात भिंतीला जाऊन भिडलं की आपला नायक शेपर्ड आपोआप चिकटतो. बंदुकांना गोळ्यांची मर्यादा नाही, त्या फक्त तापतात. मुख्य मोहिमा छान आहेत, पण आडवाटेच्या ग्रहांवरचे बंकर मोजक्याच नकाशांवर बेतलेत. खोल्या त्याच, फक्त खोक्यांची जागा बदललेली. दार उघडलं आणि कमरेएवढे खोके ओळीत दिसले की इथे गोळीबार होणार हे कळून चुकतं. नुसत्या नेमबाजीच्या गेममध्ये हे एक वेळ चालून जाईल. रोल-प्लेइंगमध्ये, म्हणजे जिथे पात्र होऊन निर्णय आपणच घेतो अशा गेममध्ये, मात्र त्याचा फटका संवादाला बसतो. समोरचा माणूस वाटाघाटी करतोय, मी उत्तर निवडतोय, आणि माझं लक्ष त्याच्यामागच्या खोक्यांकडे. बोलणं फिसकटणार हे खोलीनेच आधी सांगून टाकलेलं असतं.

लहानपणी आम्ही डबा ऐसपैस खेळायचो. लपायला काय असायचं? पाण्याचं पिंप, कोणाची तरी स्कूटर, जिन्याखालची अडगळ, वाळत घातलेली चादर. त्यातलं काहीच लपण्यासाठी ठेवलेलं नव्हतं, म्हणूनच लपण्यात मजा होती. गेममधला आडोसाही असाच हवा. ती जागा लढाईच्या आधीपासून कोणाच्या तरी वापरातली वाटली पाहिजे.

दुसऱ्या भागातली ओमेगा या अंतराळस्थानकावरची मोहीम या बाबतीत मला आजवरची सर्वोत्तम वाटते. ब्लू सन्स, एक्लिप्स आणि ब्लड पॅक या तीन टोळ्यांनी एका माणसाला पुलापलीकडच्या इमारतीत कोंडलंय. आपण भाडोत्री शिपाई म्हणून टोळ्यांच्या गोटात शिरतो. तिथे मारामारी नाही. निवांत हिंडायचं, म्होरक्यांशी बोलायचं, कोण कुठून हल्ला करणार ते ऐकायचं. पुलावरचे अडथळे चढाईसाठीचे आहेत हे चालता चालताच समजतं. मग तोच पूल ओलांडून आपण पलीकडे जातो आणि पुढची लढाई वरून, त्याच पुलाकडे तोंड करून लढतो. कोणत्या अडथळ्यामागे कोण दबा धरेल याचा अंदाज असतो, कारण पाच मिनिटांपूर्वी आपणच तिथून आलेलो असतो. नंतर हल्ला तळघरातून येतो, तिथली तीन शटर बंद करावी लागतात. शेवटी वरून गनशिप, म्हणजे बंदुका लावलेलं उडतं यान. घर एकच, पण धोक्याची दिशा बदलली की कालचा आडोसा आज निरुपयोगी.

आणि इथेच रोल-प्लेइंग लढाईत खऱ्या अर्थाने उतरतं. टोळ्यांच्या गोटात असतानाच त्यांचा मोठा यांत्रिक योद्धा हॅक करून ठेवला, तर तो ऐन लढाईत स्वतःच्याच माणसांवर उलटतो. गनशिप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचा काटा आधीच काढला, तर ती अर्धवट दुरुस्त अवस्थेत समोर येते. चकमकीचं अवघडपण मेनूतून नव्हे, तर माझ्या आधीच्या वागण्यातून ठरलं. तिन्ही भागांत असं अजून दहा ठिकाणी असतं तर किती बहार आली असती!

दुसरी आवडती जागा दुसऱ्या भागातला हेस्ट्रॉम ग्रह. तिथल्या सूर्याच्या उन्हात उभं राहिलं की शील्ड (अंगाभोवतीचं संरक्षक कवच) झरझर उतरतं. म्हणजे समोर भिंत असून भागत नाही, डोक्यावर सावलीही हवी. चांगला आडोसा दिसतो, पण त्यावर ऊन आलेलं असतं. मग खांबाची सावली गाठायची, शील्ड भरेपर्यंत थांबायचं आणि पुढच्या सावलीकडे धावायचं. आडोसा, ग्रहाचं हवामान आणि कथा इथे एकजीव झालीत. शेवटच्या चौकातला गेथ कोलोसस हा अजस्र यंत्रशत्रू स्वतःची दुरुस्ती करून घेतो, त्यामुळे लांब बसून टिपत राहणंही पुरत नाही.

कारण चांगली जागा मिळाली की माणूस तिथून हलत नाही. दुसऱ्या भागात थोडा वेळ मार चुकवला की तब्येत आपोआप भरते, त्यामुळे बसून राहायचा मोह आणखी वाढतो. मला हलवायला शत्रूच हवा. हस्क नावाचे झोंबीसारखे शत्रू धावत अंगावर येतात. सायन या अवजड शत्रूच्या धक्क्याची लाट आडोशातूनही पोचते. गोळ्यांसाठी लागणाऱ्या थर्मल क्लिप मेलेल्या शत्रूंपाशी पडतात, त्या उचलायला बाहेर यावंच लागतं. तिसऱ्या भागात हे जास्त विचारपूर्वक केलंय. सर्बेरस या शत्रू संघटनेचे सैनिक ग्रेनेड टाकून मला उठवतात, त्यांचा इंजिनिअर टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी तोफ) उभारून एक वाटच बंद करतो, ढालवाला गार्डियन सावकाश चालून येतो. त्याच्या ढालीतल्या फटीतून नेम धरायचा किंवा ‘पुल’ ही ओढून घेण्याची शक्ती वापरून ढालच हिसकावायची.

क्लास बदलला तेव्हा मला खरी गंमत कळली. सोल्जरला आडोसा म्हणजे घर. अडेप्टची शक्ती वळण घेऊन शत्रूच्या आडोशामागे पोचते, त्यामुळे त्याला स्वतःपेक्षा समोरच्याच्या आडोशाची जास्त फिकीर. व्हॅनगार्डचा चार्ज थेट शत्रूवर आदळतो आणि आदळतानाच शील्ड भरतो, म्हणजे धडक हाच त्याचा आडोसा. तीच खोली मला तीन वेगळ्या खोल्यांसारखी दिसली. सोबतच्या दोघांना हुकूम देऊन वेगवेगळ्या जागी बसवायलाही शिकून घ्या. एकाला बाजूच्या उंचवट्यावर पाठवलं की शत्रूची तोंडं वळतात आणि आपल्याला दोन-तीन मोकळे सेकंद मिळतात.

पीसीवर दुसऱ्या भागापासून धावणं, आडोसा घेणं, वस्तू वापरणं सगळं स्पेसबारवर आहे. तिसऱ्या भागात लोळण घेणंही त्याच्यावरच. धावताना भिंतीपासून हातभर लांबून धावायची सवय लावली, तेव्हाच माझं भलतीकडे चिकटणं थांबलं. याच मालिकेतल्या 2017 च्या अँड्रोमेडामध्ये आडोशाचं बटणच काढून टाकलं आणि उंच उडीसाठी जम्प-जेट दिलं. ते मोकळं वाटतं, पण वरून उडी मारता आली की खालच्या भिंतीचं महत्त्व कमी होतं. माझं मन जुन्या पद्धतीतच रमतं.

नव्याने घेणार असाल तर पहिला भाग नॉर्मलवर खेळा आणि दुसऱ्या भागापासून त्याहून अवघड व्हेटरन लावा. दुसऱ्या भागात इन्सॅनिटी या सर्वांत अवघड पातळीवर किरकोळ शत्रूलाही संरक्षणाचा थर असतो. तो फोडण्यात इतका वेळ जातो की आजूबाजूची जागा बघायची राहून जाते.

मी कालपासून इंजिनिअर घेतलाय. त्याचा ड्रोन शत्रूला पाठीमागून छेडतो, ते लपलेल्या जागेतून वळतात आणि पाठ माझ्याकडे होते. ओमेगाचा पूल अजून यायचाय.