तीन आजोळांचा पोरगा

दोन लाख सव्वीस हजार रुपयांना फसले मी. आकडा आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचं सगळं लक्ष "तरी किती गेले असतील" ह्यातच अडकतं. २०२४ च्या भावानं पन्नास क्विंटल सोयाबीन म्हणा.

मी अंबाजोगाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. धाकट्या भावाची मुलगी लातूरला बीएस्सी ॲग्रीला आहे. त्या दिवाळीत अंगणात बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "आत्या, आता काय करणारेस? भजनी मंडळात जाणारेस का?" मी म्हटलं, "मग कुठं जाऊ?" तर म्हणे, "किलिमांजारोला. मी पण येते."

आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर कोणतं, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं पोरांना विचारत आले. उंची ५,८९५ मीटर, टांझानियात, विषुववृत्ताजवळ असून माथ्यावर बर्फ. वर चढायला दोर-कुऱ्हाडी लागत नाहीत, पायात बळ आणि विरळ हवेत तग धरणारी छाती लागते, हे मात्र भाचीनं सांगितलं तेव्हा कळलं. माथ्यावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच. एकोणसाठाव्या वर्षी कुणी आपल्याला असं काही विचारतं, तेव्हा नाही म्हणायचं म्हणजे आपण म्हातारे झालो हे कबूल करायचं. मी हो म्हटलं. पुढं मी जे जे विचारायचं टाळलं, त्याच्या मुळाशी हेच होतं, हे आज कळतं. पोरीपुढं आपण भित्र्या दिसू नये.

रोज पहाटे मुकुंदराजच्या दरीत उतरून परत वर चढायचं, पाठीवर पिशवी, पिशवीत पाण्याच्या बाटल्या. डिसेंबरात कळसूबाई केला. १,६४६ मीटर. उतरताना गुडघे बोलायला लागले, पण गेलो. आमचे पासपोर्टही आले.

फेब्रुवारीत भाचीला इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ दिसला. मराठी पोरांची टोळी, माथ्यावरच्या लाकडी पाटीपाशी भगवा झेंडा, मागं उजाडायलंय. खाली फॉर्म होता. नाव, वय, गाव, मोबाइल. तिनं भरला. दुसऱ्या दिवशी ती मोहीम नेणाऱ्या पुण्यातल्या पोराचा फोन.

"ताई, अंबाजोगाई का? अहो, माझं आजोळ अंबाजोगाईचं! मार्गशीर्षात योगेश्वरीच्या यात्रेला दरवर्षी येतो मी."

झालं. गाव फॉर्मवर आम्हीच लिहून दिलं होतं, पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात? पुण्यात राहून आपल्याकडचा पोरगा एवढं करायलाय, ह्याचंच मला कौतुक. मी त्याला पुढच्या यात्रेला घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळीचं आमंत्रण दिलं हो त्याला.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगते. त्याला डोंगर खरंच माहीत होता. दर रविवारी झूमवर बसवायचा. माचामे वाट कशी, बारांको भिंतीवर हात कुठं टेकायचे, वर झोपायचं नाही, वर जाऊन खाली येऊन झोपायचं म्हणजे शरीर सवय लावून घेतं, हे सगळं बरोबर होतं, मी नंतर ताडून पाहिलं. तिथले वाटाडे "पोले पोले" म्हणतात, म्हणजे हळूहळू. आमच्या घरात दोन महिने भाजीसुद्धा पोले पोले शिजत होती. लबाड माणूस काहीतरी खोटं बोलून पकडला जाईल असं आपण धरून चालतो. ह्याची डोंगराची सगळी माहिती खरी होती. फक्त तो आम्हाला तिथं नेणार नव्हता.

माणशी १,६५,००० रुपये, मुंबईपासून मुंबईपर्यंत, विमानासकट, सात दिवसांची चढाई. व्हॉट्सॲप ग्रुपवर १७ जण. कुणी बुटांचे फोटो टाकायचं, कुणी पैसे भरल्याची पावती. फेब्रुवारीअखेर आम्ही दोघींचे मिळून ४०,००० भरले.

पैसे भरायची वेळ आली तेव्हाची गंमत ऐका. मी म्हटलं, कंपनीचं खातं द्या. तो म्हणाला, "देतो की ताई. पण परदेशी टूरच्या पॅकेजवर ५ टक्के टीसीएस कापावा लागतो. तुमचे दोघींचे साडेसोळा हजार उगाच जातील. दुसऱ्या खात्यावर टाका, मी ॲडजस्ट करतो." यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं, तर म्हणे सासऱ्यांचं दुकान.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचाही असाच बोलणार. टीसीएस म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घेऊन सरकारकडं भरायचा कर, बुडालेला पैसा नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो, करखात्याच्या २६एएस ह्या उताऱ्यात दिसतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. मी दरवर्षी रिटर्न भरते. मला ते साडेसोळा हजार मिळालेच असते. शिवाय २६एएस मध्ये नोंद दिसली असती, तर समोर करखात्याकडं नोंदलेला कुणीतरी व्यवसाय आहे एवढं तरी कळलं असतं. म्हणजे त्यानं वाचवून दिला तो माझा कर नव्हता, त्याचा माग होता. तीस वर्षं पोरांची गणितं तपासली आणि हे इतकं सरळ मला उलगडलं नाही.

एप्रिलमध्ये विमानाचे १,१०,००० मागितले. भरल्यावर रात्री नऊला पीएनआर आला, मुंबई ते अदिस अबाबा, तिथून किलिमांजारो, ऑगस्टचा दुसरा आठवडा. भाचीनं लगेच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. आमची दोघींची नावं, स्पेलिंगसकट! मी देवापुढं साखर ठेवली. पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण, तिकीट नव्हे, हे मला जूनमध्ये कळलं. जागा थोड्या वेळासाठी धरून ठेवता येते, पैसे न भरल्यास आपोआप सुटते. तिकीट निघालं की १३ आकडी तिकीट क्रमांक येतो. तो आमच्याकडं कधीच नव्हता. एसटीच्या आरक्षणाची सवय, नाव दिसलं की जागा आपली.

मेमध्ये तिसरा हप्ता. "ताई, १ जुलैपासून तिकडं नवं आर्थिक वर्ष, पार्कची फी वाढणार. आत्ताच परवाने काढून ठेवतो." ७६,००० रुपये, २२ मे. त्या बदल्यात शिक्क्याची पावती आली. ह्यात साठ हजार भावाचे होते, सोयाबीन विकून ठेवलेले.

जूनच्या विसाव्या तारखेला ई-व्हिसाचे कागद आले. क्यूआर कोड होता. भाचीनं सहज म्हणून स्कॅन केला. पान उघडलं, वर टांझानियाचं बोधचिन्ह, खाली "व्हॅलिड". ती म्हणाली, "आत्या, पत्ता बघ. सरकारी साइट असंल तर शेवटी गो डॉट टीझेड पाहिजे. हे कुठलंतरी भलतंच आहे." मी म्हटलं, "कामून शंका काढायलीस? असंल काहीतरी." ती काही बोलली नाही. आत जाऊन पीएनआर पुन्हा टाकला. आरक्षण सापडत नाही. विमान कंपनीला फोन लावला. त्यांनी सांगितलं, ते आरक्षण एप्रिलमध्येच रद्द झालंय, तिकीट काढलंच नव्हतं.

त्याला फोन केला. "वेळापत्रक बदललं ताई, नवा पीएनआर येतोय. तेवढे १८,००० टाकून ठेवा, हेलिकॉप्टरचं डिपॉझिट, परत मिळतात." हे ऐकलं तेव्हा मी खाली बसले.

त्या रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो. जे गणित फेब्रुवारीत मांडायचं ते जूनमध्ये मांडलं. परदेशी माणसाला किलिमांजारोच्या पार्कात दिवसाला ७० डॉलर शुल्क, तंबूच्या मुक्कामाला रात्रीचे ५०, बचावनिधीचे २०. सात दिवस, सहा रात्री, म्हणजे ८१० डॉलर. वर १८ टक्के व्हॅट, झाले ९५५ च्या वर. त्या वेळच्या ८३ च्या भावानं एकोणऐंशी हजार. विमानाचे पंचावन्न. १,६५,००० मधून हे काढलं की राहतात एकतीस हजार. त्यात वाटाड्या, एका माणसामागं तीन-चार हमाल-स्वयंपाकी, त्यांची मजुरी, आपलं खाणं, तंबू, खालचं हॉटेल आणि वर ह्याचा नफा? एवढ्यात आमच्याकडं साखरपुडा होत नाही. ही शुल्कं उघड प्रसिद्ध असतात, भाचीला ती शोधायला दहा मिनिटं लागली. आणि परवान्याचं म्हणाल तर १९९१ पासून तिथं नोंदणीकृत वाटाड्याशिवाय चढताच येत नाही, परवाने तिथली परवानाधारक कंपनीच काढते. पुण्यातला पोरगा ते मे महिन्यात काढून कपाटात ठेवील कसा? त्याच्या कागदांवर टांझानियातल्या मोशी गावातल्या एका कंपनीचं नाव होतं. भाचीनं त्यांना ईमेल केला, पत्ता त्याच्या कागदावरचा न घेता स्वतः शोधून. सकाळी उत्तर आलं की ह्या नावाचं कोणतंही बुकिंग आमच्याकडं नाही, हा माणूस आम्हाला माहीत नाही.

आणि मग मला ते दिसलं. मी चौकशी केली नव्हती असं नाही. भरपूर केली होती. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या एका बाईंशी अर्धा तास बोलले, त्यांचा नंबर त्यानंच दिलेला. परवाना तपासला, लिंक त्याची. ग्रुपवर विचारलं, ग्रुप त्याचा. ज्याची पारख करायची, त्याच्याच हातून सगळे पुरावे घेत होते मी. विहिरीचं पाणी गोड आहे का, हे विहीर विकणाऱ्यालाच विचारल्यासारखं.

त्याच रात्री १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या. विचारलं, शेवटचा व्यवहार कधीचा? म्हटलं, २९ दिवस झाले. त्या जरा थांबल्या. पैसे गेल्यागेल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यांत अडवता येतात. माझे तोवर कुठल्या कुठं गेले होते. एका खात्यात ९,७०० रुपये गोठवले, तेवढेच. ते सोडवायला मला न्यायालयात अर्ज करावा लागला, तारखा चालू आहेत. ठाण्यात पहिल्या दिवशी "हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी करा" असं ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी बनावट व्हिसा, रद्द पीएनआरचा विमान कंपनीचा ईमेल आणि मोशीचं उत्तर, असे तीन कागद छापून नेले तेव्हा सूर बदलला. कुणावर ही वेळ आली तर तोंडी सांगत बसू नका, खोटा कागद समोर ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडू नका आणि आपण ओळखलंय हे त्याला कळू देऊ नका. मी चिडून दोन शब्द बोलले आणि दुसऱ्या मिनिटाला ग्रुपच नाहीसा झाला. भाचीनं आधी स्क्रीनशॉट काढले होते म्हणून बरं.

त्या स्क्रीनशॉटवरून १७ जणांचे नंबर मिळाले. एकेकाला निरोप टाकला. बहुतेक बंद. खरी माणसं निघाली आम्ही धरून चारच. एक उदगीरचे बँकेतले गृहस्थ, एक हिंगोलीच्या नर्सताई. बाकी सगळे बूट आणि पावत्या त्याच्याच. नर्सताईंशी बोलताना मी म्हटलं, आमच्याकडचाच पोरगा निघाला हो, लाज वाटते. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचा कसा? त्याचं आजोळ औंढ्याचं आहे ना? नागनाथाला येतो दरवर्षी." उदगीरकरांना विचारलं. त्यांनाही आजोळच सांगितलं होतं, उदगीर किल्ल्याजवळ.

भावाला सांगायला मी आठ दिवस लावले. तो गोठ्यात होता. ऐकून घेतलं, वैरण टाकली, म्हणाला, "जाऊ दे ताई. एक वर्ष गारपीट झाली असं समजू." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पासपोर्टच्या प्रती मात्र अजून त्या माणसाकडं आहेत, त्याची धाकधूक आहेच. आता मी कुठलीही प्रत देताना तिच्यावर आडवं लिहिते, कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली. झेरॉक्सवाला हसतो, हसू दे.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. तोच व्हिडिओ, तीच पाटी, तोच झेंडा, नाव नवं. "मराठी माणसांची मोहीम", आगाऊ फक्त पंधरा हजार. तिनं खाली लिहिलं की हा माणूस फसवतो, आम्ही फसलोय. चार मिनिटांत तिला ब्लॉक केलं. तिनं नवं खातं काढून पुन्हा लिहिलं. परत ब्लॉक. मग माझ्या नावानं काढलं, मग भावाच्या, मग म्हशीच्या फोटोचं एक. काल सहावं खातं झालं.