14 महिने, दोन चिमटे आणि एक गायब बोल्ट

सायकल घेतली ती समोरचे शॉकअप बघून, हे आधीच कबूल करतो. 29 इंची चाकं, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, 100 मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क आणि त्यावर लॉकआउटचं, म्हणजे दबणं बंद करायचं, निळं बटण. जुन्या सायकलवाल्यांच्या भाषेत चिमटा. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीला रोज जाणं-येणं, आणि रविवारी नान्नजकडच्या माळावर नाहीतर हिप्परग्याच्या तलावाकडं. आठवड्याचे धरून चाला आठ तास. वजन माझं 78 किलो, पाठीवर डबा आणि पाण्याची बाटली वेगळी.

पहिले चार महिने मजेत गेले. स्पीडब्रेकर आला की हात सैल सोडायचे, बस्स. खड्ड्यांबद्दल काय सांगू, सोलापूरकरांना माहीत आहेत.

मग जुलैचा पाऊस आला. काळ्या मातीतून एकदा सायकल नेली की चाक फिरायचं थांबतं, इतका चिखल चिमट्यात अडकतो. मी काय शहाणपणा केला, तर मोटारसायकली धुतात त्या सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पाण्यानं ती धुवून घेतली. एकदा नाही, पाच-सहा वेळा. पाण्याचा फवारा थेट नळ्यांच्या सीलवर, म्हणजे माती-पाणी आत जाऊ न देणाऱ्या रबरी कड्यांवर. चकचकीत झाली की समाधान वाटायचं. नळ्या कोरड्या वाटतात म्हणून दुकानदारानं वरून गंज सोडवायचा स्प्रे मारला. त्यानं दोन दिवस फोर्क लोण्यासारखा चालला आणि नंतर आधीपेक्षा जड झाला. आता कळतंय की असला स्प्रे आतलं ग्रीस पातळ करून टाकतो आणि ओलसर नळीवर धूळही जास्त चिकटते.

सहाव्या महिन्यात ब्रेक मारला की हँडलखाली ‘टक’ वाजायला लागलं. दुकानात दाखवलं. ‘हेडसेट ढिला झालाय’ म्हणून आवळून दिला. हेडसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो वरचा सांधा. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा आवळला, आता हँडल वळायलाच जड. तिसऱ्या खेपेला त्यांनी फोर्क खालून उघडला, थोडं ग्रीस लावलं आणि परत बसवला. त्याचे 350 रुपये. तो बोल्ट किती आवळला हे त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

आमचे अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. गिरणी बंद पडल्यावर पॉवरलूमच्या कारखान्यात टॉवेलचे माग दुरुस्त करायचे. आता गुडघे दुखतात, पण कान शाबूत आहेत. एका संध्याकाळी मी सायकल अंगणात आणून टेकवली तर म्हणाले, “कायतर ठोकायलंय बघ आत. वर नाही, खाली.” मी म्हटलं, अण्णा, दुकानात दाखवलंय. “दाखवलास बे, पण त्यानं ऐकलं का? धोट्याचा आवाज बदलला की आम्ही माग बंद करायचो. तू पळवायलास.”

मी पळवतच राहिलो. आठव्या महिन्यात, हिप्परग्याहून परत येताना, एका रविवारी एका चरावरून पुढचं चाक उचलून नेलं आणि खाली टेकताना हँडल डावीकडे ओढलं गेलं. पडलो नाही, रस्त्याला मागून काही येत नव्हतं एवढंच. उतरून हँडल धरून सायकल उचलली तर चिमट्याचे खालचे दोन्ही पाय नळ्यांवरून दोन बोटं जास्त खाली लोंबले. स्प्रिंगच्या बाजूच्या पायाखाली बोल्टच्या जागी नुसतं भोक होतं. चाक किंचित तिरकं, डिस्क ब्रेकच्या पॅडला घासत होती. घरापर्यंत हातात धरून चालत आणली.

मला तोवर वाटायचं, चिमटा म्हणजे एक सलग लोखंड आहे. तसं नसतं. वरच्या नळ्या खालच्या पायांत नुसत्या सरकवलेल्या असतात. पुढचं चाक पायांना, आणि पाय वरच्या भागाला धरून ठेवतात ते खालून घातलेले दोन बोल्ट, एक स्प्रिंगच्या दांडीत, एक डॅम्परच्या, म्हणजे उसळी आवरणाऱ्या भागाच्या. आपण सायकलवर बसलेलो असतो तेव्हा सगळं वजन खाली दाबतं म्हणून काही जाणवत नाही. चाक हवेत गेलं की सगळी ओढ त्या बोल्टांवर येते. माझं चाक त्या दिवशी एकाच बोल्टावर टांगलेलं होतं.

घरी अण्णांच्या देखरेखीखाली फोर्क उघडला. जुन्या सोलापुरी टॉवेलवर आतून काय सांडलं तर विटेच्या रंगाचं पाणी. तेलाचा थेंब नाही. स्प्रिंग गंजलेली, सीलखालची स्पंजची रिंग मातीनं कडक, आणि पायांच्या आत नळीला सरळ धरणारी बुश एका बाजूनं झिजलेली. टक टक वाजत होतं ते तिथं. स्वस्त फोर्कच्या नळ्या क्रोम केलेल्या लोखंडी असतात. माझ्या नळ्यांवर क्रोमला बारीक खड्डे पडले होते, आणि ते खड्डे कानशीसारखे दर फेरीला सील खात होते. दांडीचे आटेही गेले होते, म्हणजे नवा बोल्ट घालून भागणार नव्हतं. पुस्तिका शोधून काढली. 50 तासांनी साफसफाई, 100 तासांनी सर्व्हिस असं स्वच्छ लिहिलेलं. माझे पावणेतीनशे तास झाले होते.

टक कुठून येतं हे ओळखायची रीत सोपी आहे आणि मला ती आठ महिन्यांनी कळली. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवा. एक बोट हेडसेटच्या फटीवर ठेवा, हललं तर हेडसेट. मग बोट सीलवर, नळी आणि पायाच्या सांध्यावर ठेवा. तिथं जाणवलं तर बुश. वरून हेडसेट कितीही आवळा, ते जात नाही. आणि नळीवरून नख फिरवा, नख अडकलं तर ओरखडा खोल आहे.

नवा फोर्क घेताना साधा, न दबणारा चिमटा बसवावा असंही मनात होतं. खरं सांगायचं तर नुसतं शहरात फिरणाऱ्याला मी तोच सुचवेन, स्वस्त स्प्रिंगपेक्षा हजारपट बरा. पण नान्नजचा माळ सुटेना. पुण्याहून हवेचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी आतल्या हवेवर दबणारा, फोर्क आणला, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मांडीवर धरून. घेण्याआधी चार गोष्टी जुळवाव्या लागल्या: चाकाचा आकार, हँडलकडे जाणाऱ्या नळीची जाडी, चाकाच्या मधल्या हबचा अ‍ॅक्सल (आस) आणि डिस्कचं माप. 100 च्या जागी 120 मिलिमीटरचा घ्यायचा मोह झाला होता. पण पुढचा भाग उंच झाला की फ्रेमवर ताण येतो आणि सायकल वळायलाही वेगळी लागते, म्हणून 100 चाच घेतला.

या फोर्कचे सहा महिने झाले. नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, वजनाला चांगलाच हलका. अंगावर नेहमीचं सामान घेऊन बसलो की 20 मिलिमीटर दबायला हवा, रबरी रिंग नळीवर सरकवून ते मोजता येतं. मला त्यासाठी 90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतात. साध्या पंपानं होत नाही, आत हवा इतकी थोडी असते की पंप काढताना निम्मी जाते, शॉकचा वेगळा पंप लागतो. सोलापूरकरांसाठी एक जादाची गोष्ट: पहाटे 25 अंशांत भरलेले 90, मेमधल्या 43 अंशांत 96 च्या घरात जातात. फोर्क दुपारी ताठ वाटला तर घाबरू नका, पण सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका.

सर्व्हिस आता मीच करतो, दर 50 तासांनी. आधी हवा पूर्ण सोडायची. हवा असताना टोपी उघडली तर ती तोंडावर येईल. मग खालचे बोल्ट तीन-चार आटे सैल करून रबरी हातोडीनं टोला द्यायचा, पूर्ण काढून ठोकलं तर दांडीचे आटे जातात. फोर्कचंच तेल, पुस्तिकेत दिलं तेवढंच. अण्णांनी मागाचं तेल चालेल म्हणून आग्रह धरला, मी ऐकलं नाही. बोल्टाखालचे वॉशर नवे. आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना. माझ्या फोर्कला साधारण 7 न्यूटन मीटर लागतात, हातानं आवळताना आपण याच्या दुप्पट सहज जातो.

चाकाच्या क्विक रिलीजकडे, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायच्या लिव्हरकडे, दुर्लक्ष करू नका. डिस्क ब्रेक अ‍ॅक्सलला खाली ढकलतो, म्हणून चाक निसटू नये यासाठी चिमट्याच्या टोकाला छोटे ओठ असतात. ते कानशीनं घासून काढणारे लोक मी पाहिलेत. 2015 मध्ये ट्रेक या सायकल कंपनीनं जवळपास 10 लाख सायकली परत मागवल्या, कारण जास्त उघडणारी लिव्हर डिस्कमध्ये अडकू शकत होती. लिव्हर बंद करताना तळहातावर वळ उठला पाहिजे.

जुन्या फोर्कला पाचपैकी 2 देतो, कारण दोष निम्मा माझा होता. नव्याला 4. कापलेला एक गुण सील किटचा, म्हणजे नव्या सीलच्या संचाचा. ते इथं एकाही दुकानात मिळालं नाही, आणि पुण्याहून मागवलेलं पहिल्यांदा 30 मिलिमीटरचं आलं, माझ्या नळ्या 32 च्या.