फुटपाथवरचं नागरिकशास्त्र: मुलांच्या वीकेंड वर्कशॉपचा रिव्ह्यू

पुण्यात नववीतल्या लेकीला या वर्कशॉपला घातलं होतं. स्थानिक प्रश्न घेऊन मुलांना राजकारण समजावतात. मला मनापासून आवडलं, एक तक्रार आहे ती पण लिहिते.

सगळ्या वर्कशॉपला विषय एकच, जवळचा एक फुटपाथ. मुलांच्या हातात टेप दिली आणि मोजायला लावलं. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, पुणे मनपाचं 2016 पासून स्वतःचं पादचारी धोरणही आहे, आणि इथे विजेच्या डीपी बॉक्सपाशी माणूस आडवा होऊन कसाबसा जाईल एवढीच जागा. मुलं लगेच म्हणाली हातगाड्या हटवा, अतिक्रमण आहे. शिकवणाऱ्या ताई त्यावर काहीच बोलल्या नाहीत, सरळ भाजीवाल्या मावशींकडे घेऊन गेल्या. मावशींनी गल्ल्यातून लॅमिनेट केलेलं पथविक्रीचं सर्टिफिकेट काढलं आणि म्हणाल्या, वाचा बाळांनो, मोठ्याने वाचा. मग 2014 चा पथविक्रेता कायदा उघडला, त्यात शहराच्या पथविक्रेता समितीवर किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत असं आहे, आणि तिथून जो वाद रंगला तो घरी जेवणाच्या टेबलापर्यंत आला! डीपी महावितरणचा, फुटपाथ पालिकेचा, मग विचारायचं कुणाला? मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला आणि निवडणूक लांबतच गेली, तेव्हा हे निर्णय कोण घेत होतं? हे प्रश्न मुलांनीच काढले.

शेवटी पालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकाच्या फॉर्मवर प्रत्येकाने आपापलं काम लिहिलं. पुण्यात नागरिकांना 2006 पासून अशी कामं सुचवता येतात. कुणी डीपी हलवा लिहिलं, लेकीने गाड्यांसाठी पट्टा आखून द्या लिहिलं, आणि एकमत व्हायलाच हवं असा हट्ट कुणी धरला नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता तक्रार. फी जास्त आहे, त्यामुळे सगळी मुलं खासगी शाळांतली. मावशींचा नातू मनपा शाळेत आठवीत आहे, तो गाडीवर बसून हे सगळं बघत होता, त्याला आत घ्यायला हवं होतं. आयोजकांना सांगितलंय, निम्म्या जागा मनपा शाळेतल्या मुलांसाठी फ्री ठेवा.

आठवीच्या खालच्या मुलांना मात्र पाठवू नका, बजेटचे तक्ते आले की कंटाळतात.