दहावीत अडलेलं पोरगं घरी बसलंय: सतरा नंबर, एनआयओएस, आयटीआय की थेट काम?

निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात एक ठरलेलं दृश्य दिसतं. आई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येते: दाखला, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, दहावीची गुणपत्रिका. मुलगा उंबऱ्याबाहेरच थांबतो. आई म्हणते, "सर, याला कुठंतरी लावून द्या." बरीच वर्षं अशा मुलांचे फॉर्म भरून देतोय, आणि या 'कुठंतरी'चीच मला भीती वाटते. प्रत्येक वाट वेगळ्या मुलासाठी असते. चुकीच्या वाटेवर ढकललेला मुलगा सहा महिन्यांत परत घरी बसतो, आणि दुसऱ्यांदा त्याला उठवणं फार अवघड जातं.

म्हणून आधी एवढंच बघा, की त्याचं कुठे अडलं. एकदोन विषयच राहिले असतील, तर खाली लिहिलेलं काहीच लगेच करू नका. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेनंतर काही महिन्यांतच होते. एकदोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत प्रवेशही मिळतो. हे माहीत नसल्यामुळे घरी बसलेली मुलं मी दरवर्षी पाहतो. 'नापास' एवढं ऐकलं की घरचे गुणपत्रिका दुसऱ्यांदा उघडतच नाहीत.

सातवी-आठवी-नववीत शाळा सुटली असेल किंवा चारपाच विषय गेले असतील, तर मात्र निवड करावी लागते. आधी कागदाचं, म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्राचं बोलू.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे आपल्याच राज्य मंडळाची दहावी, शाळेत न जाता, खाजगीरीत्या. निदान पाचवी पास आणि वय 14 पूर्ण हवं. पुस्तकं तीच, पेपर तोच, पासाला 35 गुण. मोठा फायदा असा, की गावातला कोणताही मास्तर शिकवू शकतो आणि शेजारच्या ताईची जुनी पुस्तकं चालतात. फीही परवडते. पण गणित, विज्ञान, इंग्रजी सगळं आलं, आणि ज्या गणितामुळे मुलगा शाळेतून पळाला तेच पुन्हा समोर येतं. वर्गाची सोबत नसते. एकटा अभ्यास करू शकणाऱ्या किंवा संध्याकाळी कुणाकडे तरी बसू शकणाऱ्या मुलालाच ही वाट झेपते. मुंबईत रात्रशाळा आहेत, दिवसा काम करणारी मुलं तिथे बसतात. अशी शाळा जवळ असेल तर सतरा नंबरपेक्षा ती बरी, कारण तिथे हजेरी घेणारं कुणीतरी असतं.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ती 1989 पासून चालू आहे. यातही दहावीला वय 14 लागतं. फरक पुढे आहे. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा, बाकी विषय बरेचसे आपल्या निवडीचे. गणित सक्तीचं नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात एकेक विषय करून सोडवता येतो. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुणही इकडे आणता येतात. पासाला 33. माध्यम मराठी घेता येतं. प्रमाणपत्र राज्य मंडळाच्या दहावीच्या बरोबरीचं धरलं जातं. फी सतरा नंबरपेक्षा जास्त पडते, आणि गावात शिकवणारं माणूस सहसा सापडत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात मी स्वतः एकदा चुकलोय. एका मुलाला गणित सोडायला लावून एनआयओएसला बसवलं. पास झाला, पेढे वाटले. मग त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, आणि त्या ट्रेडला दहावीला गणित-विज्ञान लागतं. त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघवेना. तेव्हापासून विषय निवडायच्या आधी मी 'पुढे काय करायचंय' हे विचारून घेतो, आणि मुलाने 'माहीत नाही' म्हटलं तर गणित ठेवायला लावतो. पाच वर्षं आहेत, गणित शेवटी देता येतं.

मुली आणि लग्न झालेल्या तरुण बायांचं वेगळं आहे. घरातून परवानगी मिळवणं हीच मोठी परीक्षा असते. 'प्रथम' संस्थेचा 'सेकंड चान्स' कार्यक्रम शाळा सुटलेल्या बायांनाच दहावीला बसवण्यासाठी आहे. तुमच्या भागात तो असेल तर आधी तिथे चौकशी करा. सोबत बसायला बरोबरीच्या बाया मिळतात, आणि तेवढ्यावर कितीतरी जणी टिकतात.

आता हातांचं, म्हणजे हातातल्या कसबाचं. गुणपत्रिकेवर 'कौशल्य विकासासाठी पात्र' असा शेरा येऊ लागला, पण घरच्यांना त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. अर्थ एवढाच, की पुढे आयटीआय आहे, छोटे कोर्स आहेत आणि पाबळच्या विज्ञान आश्रमासारखी ठिकाणं आहेत.

आयटीआयला दहावी पासच लागते असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. वायरमन, वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम असे काही ट्रेड दहावी नापास मुलालाही मिळतात. वायरमन दोन वर्षांचा, वेल्डर एक वर्षाचा. आणि हे कुणीच सांगत नाही: आठवीच्या पात्रतेवरचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, तर एनआयओएसमार्फत भाषेसह मोजकेच विषय देऊन दहावीचं प्रमाणपत्र घेता येतं. म्हणजे हात आणि कागद दोन्ही एकाच वाटेवर. ज्याची दहावी आधीच झाली आहे, त्याला दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. महाराष्ट्रात आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. मुलीच्या घरी मी आधी एसटीचं वेळापत्रक विचारतो, कारण संध्याकाळची परतीची गाडी नसेल तर त्या जागेचा उपयोग होत नाही.

पाबळचं विज्ञान आश्रम मला जास्त जवळचं वाटतं. शिरूर तालुक्यातलं हे ठिकाण 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने सुरू केलं. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा वर्षाचा निवासी अभ्यासक्रम शाळेत न रमलेल्या मुलांसाठीच घडवलेला आहे, आणि त्याला एनआयओएसची मान्यता आहे. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य अशा सगळ्या विभागांत मुलगा फिरतो. आयटीआयचा वेल्डर वेल्डिंगमध्ये त्याच्यापेक्षा पक्का असतो, हे मान्य. पण ज्याला आपल्याला काय येतं हेच माहीत नाही, त्याच्यासाठी चार गोष्टी करून बघण्याचं असं वर्ष दुसरीकडे मिळणं कठीण. कंपनीत लागायचं असेल तर आयटीआय, गावात स्वतःचं काही करायचं असेल तर पाबळ, असं मी सांगतो. राहण्या-जेवणाच्या खर्चाचं आधी विचारून घ्या.

सरकारी छोटे कोर्स मोफत असतात. ग्रामीण गरीब कुटुंबातल्या 15 ते 35 वयाच्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. तिचे कोर्स तीन महिन्यांपासून पुढे, आणि नोकरी लावून देणं हा तिचा भागच आहे. जाण्याआधी दोन प्रश्न विचारा: नोकरी कोणत्या गावात, आणि तिथे खोलीभाडं किती? पगाराचा आकडा ऐकून गेलेली पोरं भाड्यात आणि खानावळीत सगळं घालवून परत आलेली मी पाहिली आहेत. दहावी नसताना नुसत्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर पुढची पायरी चढणं अवघड जातं.

काही घरांत मात्र थांबायला वेळच नसतो, पैसा आजच हवा असतो. अशा मुलाला गॅरेजवर किंवा बांधकामावर पाठवण्याआधी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप, बघा. कायदा 1961 चा आहे. 14 वर्षांवरच्याला घेता येतं, धोक्याच्या कामाला 18 लागतात. 2019 च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्यालाही महिना किमान 5000 रुपये विद्यावेतन ठरवलं आहे. गॅरेजवरही पैसे मिळतात, कदाचित जास्तच, पण तिथल्या तीन वर्षांचा एकही कागद हातात राहत नाही. उमेदवारीत करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. 'करार नोंदवणार का?' एवढं विचारलं की खरं काय ते कळतं. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचं नाव घेऊन बरेच जण येतात, पण तिला 18 वर्षं वय आणि निदान बारावी पास लागते. दहावी नापास मुलाला तिकडे पाठवून हेलपाटा घालायला लावू नका.

माझं मत विचाराल, तर दोन वर्षं घरी बसलेल्याला थेट सतरा नंबरला बसवू नका. त्याचं आधी सकाळचं उठणं गेलेलं असतं, अभ्यासाचं पुढचं पुढे. आमच्याकडचा एक पोरगा अकरा वाजता उठायचा. त्याला फॉर्म न भरता तीन महिने ओळखीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात नऊ वाजता बसवलं. सुरुवातीला वायरचं आवरण दातांनी सोलायचा. मालकाने एक दिवस न बोलता स्वतःचा स्ट्रिपर त्याच्या हातात ठेवला. पुढच्या महिन्यात त्यानेच विचारलं, "सर, वायरमनचा फॉर्म कधी सुटतो?" आज तो दुसऱ्या वर्षाला आहे.

तोवर घरच्यांनी एक काम उरकून ठेवा. सतरा नंबरला आणि आयटीआयला, दोन्हीकडे मूळ शाळा सोडल्याचा दाखला मागतात. हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं, आणि त्यात आठवडे जातात. दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मधलं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावर पोर्टल फॉर्म अडवून ठेवतं. आयटीआयचे अर्ज निकालाच्या आसपास सुरू होतात, सतरा नंबरचे त्यानंतर पावसाळ्यात. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात दाखल्यासाठी अर्ज द्या, आणि मुलालाच पाठवा. शाळेच्या ऑफिसात पुन्हा पाय ठेवणं त्याला जड जाईल, म्हणून फाटकापर्यंत सोबत जा.