कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस प्लस : एका कंसासाठी चार तारे

मॅट्रिक्स, इंटिग्रेशन, स्टॅटिस्टिक्सबद्दल लिहीत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांना ते तोंडपाठ असतं. मी डिप्लोमाच्या मुलांच्या शिकवण्या घेतो आणि मला हा कॅल्क्युलेटर आवडतो तो ‘फॅक्ट’मुळे. शिफ्ट दाबून अंश-मिनिट-सेकंदांचं बटण दाबायचं, की दहा अंकांपर्यंतच्या संख्येचे मूळ अवयव समोर हजर.

नवीन घेतलात तर आधी २ चा ३२ वा घात अधिक १ करून बघा. ४२९४९६७२९७. बरोब्बर दहा अंकी, म्हणजे हद्दीत जेमतेम बसते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या तिच्याच घराण्यातल्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) आधीच्या पाच जणी मूळ निघाल्या, म्हणून हीसुद्धा मूळच असणार अशी फर्मा या गणितज्ञाची समजूत होती. १७३२ साली ऑयलरनं ६४१ नं भाग जातो हे दाखवून दिलं. आता फॅक्ट दाबा: ६४१×(६७००४१७).

तो कंस बघितलात? मुलं म्हणतात, ‘सर, एरर आला.’ एरर कसला! तीन अंकांपर्यंतचे मूळ अवयव काढून झाल्यावर उरलेली संख्या १०१८०८१ पेक्षा लहान असेल तर ती मूळ असणारच, कारण १०१८०८१ हा १००९ चा वर्ग आणि १००९ ही पहिली चार अंकी मूळ संख्या. त्यापुढचं मात्र हा तपासत नाही, आणि तपासलं नाही हे कंस घालून सांगतो. गणितात एवढा सरळपणा माणसांकडूनही मिळत नाही, फर्मा धरून.

उरलेलं काम आपण करायचं. ४२९४९६७२९७ चा कुठलाही मूळ अवयव १२८ च्या पटीत एक मिळवून येतो. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथवर अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. भागून बघा. ६४१ ला बाकी ४४, ७६९ ला १२०, कुणाचाच नि:शेष भाग जात नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ, कंस मनातल्या मनात पुसून टाका.

आणि अधिक १ ऐवजी उणे १ केलंत तर? ४२९४९६७२९५ = ३×५×१७×२५७×६५५३७. वरच्या पाचही जणी एका ओळीत, कंसाशिवाय! वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बटणं दाबायला लागतात.

घराण्यातली पुढची, २ चा ६४ वा घात अधिक १, वीस अंकी आहे. तिथे फॅक्ट चालत नाही. एक तारा मात्र कापला तो स्क्रीनला लाइट नाही म्हणून. वीज गेली की मोबाइलचा टॉर्च धरून बसावं लागतं. अवयव पाडायचे नसतील तर साधा, स्वस्तातला सायंटिफिक घ्या.