दोन ग्राफिक्स कार्डांच्या नावाखाली 51,000 रुपयांना गंडवलं

खान्देशातल्या पोरांनो, 'डबल ग्राफिक्स, 16 जीबी' असं सांगून कोणी गेमिंग पीसी गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा. जळगावच्या एका दुकानात माझे 51,000 गेले. जुन्या दोन जीटीएक्स 1080 ग्राफिक्स कार्डांचे (गेमचं चित्र पडद्यावर उभं करणारी, प्रत्येकी 8 जीबी मेमरीची) 39,000, ती जोडायच्या ब्रिजचे 2,800, वर 850 वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) 9,200. तेवढ्यात वॉरंटीचं एक नवं कार्ड सहज आलं असतं.

कोणी म्हणेल, बघून घ्यायचं ना. बघूनच घेतलं! दुकानदाराने 'शॅडो ऑफ द टूम रेडर' या गेमचा बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, आधी एका कार्डावर लावला, मग दोन्हींवर. आकडा डोळ्यांदेखत वाढला. दोन कार्डं वापरणाऱ्या मोजक्या गेमांपैकी तो एक, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तोच लावला. मला खेळायचा होता सायबरपंक हा गेम. मी म्हटलं, "भाऊ, सायबरपंक लावून दाखवा ना." तर म्हणे, "नेट स्लो आहे हो, डाउनलोडला रात्र जाईल. घरी बघा, याहून भारी चालेल." आणि शेजारच्याच टेबलावर त्याच्याकडचा पोरगा सायबरपंक खेळत बसला होता! त्यातली एसएसडी (गेम साठवलेली डिस्क) काढून माझ्या पीसीला लावायला कितीसा वेळ लागला असता? अजून आठवलं की डोकं तडकतं. पण ओळखीतून गेलेलो, दुकान जुनं, माणूस चहा पाजतोय. तिथे शंका कोण घेतं?

घरी धुळ्याला आणून सायबरपंक लावला. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दुसऱ्या कार्डाचा वापर 0 टक्के. फोन केला तर "ड्रायव्हर अपडेट करा." कसला अपडेट? 1 जानेवारी 2021 पासून एनव्हिडिया कंपनीने तिच्या या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल (गेमला दोन कार्डं वापरायला लावणारी ड्रायव्हरमधली सोय) देणंच बंद केलंय. गेम बनवणाऱ्याने स्वतः सोय केली तरच दुसरं कार्ड हलतं, आणि नव्या गेमांत ती कोणी करत नाही. तिच्या नंतरच्या 4090 कार्डाला तर ब्रिज लावायची जागाच ठेवलेली नाही. 16 जीबी ही शुद्ध थाप. दोन्ही कार्डांत तोच डेटा भरतो, म्हणजे गेमला मिळतात 8च. दोन्ही चालली तर विजेचं बिल मात्र दोघांचं. एकेक कार्ड 180 वॉटचं, त्यात आपल्याकडचा मे महिना. वरच्या कार्डाला श्वास घ्यायला जागा नाही. एक उघडलं तर थर्मल पॅडचं (चिपांची उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचं) तेल बोर्डभर पसरलेलं. क्रिप्टो मायनिंगमध्ये, डिजिटल नाणी कमवायला, पिळून काढलेला माल तो.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब विचारतात, "गेम खेळायला एवढे पैसे?" मग म्हणे दुकान जळगावचं, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, राहता धुळ्याला, तिकडे द्या. वर "माल तर मिळाला ना?" अरे, माल मिळाला म्हणून फसवणूक होत नाही का? अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. आमचा वेळ, आमचं पेट्रोल, उन्हात आम्ही, आणि तो दुकानात एसीत!

धुळ्याला तक्रार होत नाही हेही खोटं. 2019 च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दावा टाकता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तो मी टाकलाय. बिल मागून घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहायला लावा. माझ्या बिलावर नुसतं 'ग्राफिक्स 16 जीबी' आहे. जो गेम खेळायचाय तोच समोर लावायला सांगा. नाही म्हणाला तर उठून या, चहा अर्धा राहिला तरी.