साबी सँड: खोली नंतर बघा, आधी गाडी विचारा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला पश्चिमेकडून लागून सुमारे ६५,००० हेक्टरचं साबी सँड हे खासगी अभयारण्य आहे. मधलं कुंपण १९९३ मध्ये निघालं. प्राणी तेव्हापासून दोन्हीकडे मोकळे फिरतात, नियम मात्र वेगवेगळे राहिले. क्रूगरमध्ये स्वतःच्या गाडीने गेलात तर रस्ता सोडता येत नाही आणि सूर्यास्ताच्या सुमारास गेट बंद होतं. इथे लॉजची उघडी लँड क्रूझर बिबट्याच्या मागे थेट झुडपात शिरते, अंधार पडल्यावरसुद्धा. जास्तीचे पैसे जातात ते या मोकळीकीचे. खोलीपुढचं खासगी कुंड छानच दिसतं, पण रोज सहा-सात तास गाडीत जातात.

म्हणून बुकिंगआधी गाडीबद्दल खोदून विचारावं. एका रांगेत किती जण? दोघं असतील तर प्रत्येकाला कड मिळते. तिघं असतील तर मधल्याच्या फोटोत शेजाऱ्याची टोपी. आणि लॉजच्या गाड्यांना फिरायला जमीन किती? काही लॉज फक्त स्वतःच्या हद्दीत फिरतात, काहींचा शेजाऱ्यांशी करार असतो. हद्द आखूड असली की बिबट्या ती ओलांडतो आणि गाडी तिथेच थांबते. कोरड्या हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर, प्राणी पाण्याला येतात. तेव्हा सँड नदीचा काठ हद्दीत असणं फार मोलाचं.

ट्रॅकर, म्हणजे प्राण्याचा माग काढणारा माणूस, आहे का, हेही विचारा. तो बॉनेटच्या डाव्या टोकाला जोडलेल्या खुर्चीवर बसतो. बोट वर गेलं की गाडी थांबते. तो उतरून वाळूतल्या ठशाची कड बघतो: धारदार असेल तर ताजा, ढासळलेली किंवा वर किड्यांची नक्षी उमटलेली असेल तर रात्रीचा. ट्रॅकर नसला तर रेंजरलाच, म्हणजे गाडी चालवणाऱ्या वाटाड्यालाच, गाडी, वायरलेस आणि माग असं सगळं सांभाळावं लागतं, आणि फरक जाणवतो.

उणी बाजू सांगायची तर रांग. एका प्राण्यापाशी दोन-तीनच गाड्या सोडतात, बाकीच्या थोड्या अंतरावर पाळीची वाट बघतात. प्राण्याच्या दृष्टीने नियम उत्तम, पण गर्दीच्या दिवसांत पाळी येईपर्यंत बिबट्या उठून गेलेला असतो. त्यामुळे दोन रात्री कमी पडतात. तीन रात्रींत सहा फेऱ्या होतात. एखादी पावसाने धुतली तरी चालतं.

विमानाने जायचं तर स्कुकुझा किंवा हूडस्प्रुइट. छोट्या विमानांत सामानाची मर्यादा बहुधा २० किलो, तीही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस घेतच नाहीत. गाडीने जाणार असाल तर शॉज, न्यूइंग्टन आणि गाउरी यांपैकी आपल्या लॉजचं गेट कोणतं ते आधीच विचारून घ्या. चुकलात तर मोठा वळसा पडतो. गेटचं शुल्क सहसा लॉजच्या दरात धरलेलं नसतं.

भाग मलेरियाचा आहे, तिथल्या पावसाळ्यात धोका जास्त; गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या बरंच आधी विचारा. सहा वर्षांखालच्या मुलांना बरेच लॉज फेरीला नेत नाहीत. जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत वारा हाडात शिरतो. घोंगडी मिळते, कानटोपी आणि हातमोजे मात्र आपले आपण न्यायचे.